जनावरांचा डॉक्टर आणि माणसांचा कर्करोग

मागच्या पावसाळ्यात आमच्या ओपीडीत एक मावशी आल्या. वय पंचावन्नच्या आसपास. तक्रार एवढीच, की चाललं की दम लागतो आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. पापणी खाली ओढून पाहिली तर आतून पांढरीफटक. हिमोग्लोबिन साडेपाच निघालं. एवढं रक्त कुठं जातंय हे शोधायला हवं होतं. मुलाला बाहेर बसायला सांगितलं आणि पुन्हा विचारलं. बराच वेळ त्या गप्प राहिल्या. मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, ‘पाळी जाऊन सात वर्षं झाली बाई. पण आठ महिन्यांपासून अंगावर लाल जातंय.’

आठ महिने त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. सुनेला सांगायची लाज, मुलाला सांगायचा प्रश्नच नाही. स्त्रीरोग विभागात तपासणी झाली, तुकडा काढून तपासला. गर्भाशयमुखाचा कर्करोग, तोही तिसऱ्या अवस्थेतला.

मुलाला बसवून सगळं समजावलं. त्याचा दुधाचा धंदा आहे, दावणीला पाच म्हशी. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, ‘मॅडम, म्हशीनं एक वेळ वैरण सोडली तरी मी जनावरांच्या डॉक्टरला फोन लावतो. आईनं मात्र काही सांगितलंच नाही हो.’

त्याचं हे वाक्य अनेक दिवस डोक्यातून गेलं नाही. मावशींना झालेला आजार टाळता येण्यासारखा आहे. त्याच्याविरुद्ध लस आहे, आणि तो होण्याच्या कितीतरी वर्षं आधी पकडणाऱ्या चाचण्याही आहेत. यामागचं विज्ञान उभं राहिलं, त्यातला मोठा वाटा जनावरांच्या डॉक्टरांचा आहे. आज त्यातल्याच एकाची ओळख करून द्यायची आहे. नाव विल्यम जॅरेट, गाव स्कॉटलंडमधलं ग्लासगो.

खोकणारी वासरं

जॅरेट यांचा जन्म 1928 सालचा. ग्लासगोच्या पशुवैद्यक महाविद्यालयात ते शिकले आणि त्याच शहराच्या विद्यापीठात विकृतिशास्त्र, म्हणजे रोगानं शरीराच्या पेशींत आणि अवयवांत काय बदल होतात याचं शास्त्र, शिकवू लागले. 1968 मध्ये ते तिथं पशुवैद्यकीय विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

पहिलं नाव झालं ते कर्करोगाशी संबंध नसलेल्या कामानं. स्कॉटलंडच्या ओल्या कुरणांवर चरणाऱ्या वासरांना फुप्फुसात जंत होत. वासरं खोकून खोकून खंगत आणि मरत. एकदा आजारातून वाचलेलं वासरू मात्र पुन्हा सहसा आजारी पडत नसे. म्हणजे शरीर या जंताविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार करतं, हे उघड होतं. पण जिवंत जंत टोचावेत तर वासरूच दगावणार, आणि मेलेले जंत टोचून पुरेशी प्रतिकारशक्ती येत नव्हती.

जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वाट काढली. जंतांच्या अळ्यांवर त्यांनी मोजून मापून क्ष-किरण सोडले. या अळ्या जिवंत राहत, वासराच्या पोटात गेल्यावर पुढचा प्रवासही सुरू करत, पण पूर्ण वाढ होऊन त्यांची पैदास होत नसे. शरीराला शत्रूची ओळख पटे, आजार मात्र होत नसे. 1959 मध्ये ही लस बाजारात आली. वासराला दोनदा तोंडावाटे पाजायची, एवढंच. जंताविरुद्धची यशस्वी ठरलेली ही जगातली पहिली लस. विषाणू आणि जिवाणूंविरुद्धच्या लशी आपल्याला सवयीच्या आहेत. जंतांविरुद्ध माणसासाठी वापरात असलेली लस आजही नाही.

इथं त्यांच्या कामाची पद्धत दिसते. ते आधी गोठ्यात जाऊन पाहत, मग प्रयोगशाळेत येत आणि उत्तर घेऊन पुन्हा गोठ्याकडे जात. पुढं कर्करोगाच्या बाबतीतही त्यांनी हेच केलं.

एकाच घरातली मांजरं

साठच्या दशकाच्या सुरुवातीला ग्लासगोतल्या एका पशुवैद्यानं जॅरेट यांच्या कानावर एक विचित्र गोष्ट घातली. एका घरात बरीच मांजरं पाळलेली होती, आणि त्यांच्यापैकी एकामागून एकाला लसिका ग्रंथींचा कर्करोग होत होता. एकमेकांशी रक्ताचं नातं नसलेली मांजरंही आजारी पडत होती.

त्या काळी कर्करोग म्हणजे ज्याचा त्याचा आजार, तो एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही, अशीच सगळ्यांची समजूत होती. तिला धक्के बसले नव्हते असं नाही. 1911 मध्ये न्यूयॉर्कच्या पेटन राऊस यांनी कोंबडीच्या गाठीतला पेशीविरहित अर्क दुसऱ्या कोंबडीला टोचून तिला कर्करोग झाल्याचं दाखवलं होतं. पण ‘कोंबड्यांचं काय सांगता?’ असं म्हणून वैद्यकविश्वानं ते बाजूला ठेवलं. राऊस यांना नोबेल मिळालं 1966 मध्ये, शोधानंतर तब्बल 55 वर्षांनी. दरम्यान उंदरांमध्येही कर्करोगाचे विषाणू सापडले. पण ते बहुतेक प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले, जवळच्या नात्यात पैदास केलेले उंदीर. घरादारात फिरणाऱ्या, माणसासारख्या सस्तन प्राण्यात असं घडत असेल, असं फारसं कुणाला वाटत नव्हतं.

जॅरेट यांनी आजारी मांजरांच्या गाठी घेतल्या, त्यांचा अर्क मांजराच्या नवजात पिल्लांना टोचला, आणि पिल्लांना तोच कर्करोग झाला. मग गाठीतल्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पेशीच्या आवरणातून इवलेसे गोल कण कळ्यांसारखे बाहेर पडत होते. 1964 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ही निरीक्षणं प्रसिद्ध केली. मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू जगाला कळला तो असा.

योगायोग असा, की त्याच 1964 सालात लंडनमध्ये अँथनी एपस्टाइन, बर्ट आचाँग आणि इव्हॉन बार यांना आफ्रिकेतल्या मुलांच्या जबड्याच्या कर्करोगात एक नवा विषाणू दिसला. माणसाच्या कर्करोगाशी जोडला गेलेला तो पहिला विषाणू. एकाच वर्षी एक जण मांजराच्या गाठीकडे पाहत होता आणि दुसरे मुलांच्या. दोघांनाही सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूच दिसला.

या प्रयोगांत पिल्लांचे जीव गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. कर्करोगावरच्या संशोधनाला अशी किंमत असते आणि तिच्याबद्दल अस्वस्थ वाटणं योग्यच आहे. इथं निदान एवढं म्हणता येतं, की त्याचा पहिला फायदा मांजरांनाच झाला. 1973 मध्ये अमेरिकेतले पशुवैद्य विल्यम हार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की हा विषाणू एका मांजराकडून दुसऱ्याकडे नैसर्गिकरीत्या पसरतो. मांजरं एकमेकांना चाटतात, एका ताटलीत खातात. लाळेतून विषाणू जातो. हार्डी यांनी रक्तातला विषाणू ओळखायची सोपी चाचणी तयार केली. लागण झालेली मांजरं वेगळी ठेवली, की घरातल्या बाकीच्या मांजरांतला आजार थांबतो, हे दिसलं. पुढं 1985 मध्ये या विषाणूविरुद्धची लसही अमेरिकेत बाजारात आली. जॅरेट यांचे बंधू ओस्वाल्ड हेही ग्लासगोतच विषाणूशास्त्रज्ञ होते. त्यांनीही याच विषाणूवर अनेक वर्षं काम केलं.

हे वाचून घरातल्या मांजराकडे संशयानं पाहू नका. सत्तरच्या दशकात ही भीती खूप होती आणि तिचा कसून शोधही घेतला गेला. मांजराचा हा विषाणू माणसाला लागतो, असा पुरावा मिळालेला नाही.

मांजरापासून एड्‌सपर्यंत

या विषाणूची आणखी एक गंमत होती. लागण झालेल्या मांजरांपैकी बरीचशी ल्युकेमियानं मरत नसत. त्यांची प्रतिकारशक्तीच खचत असे. एरवी किरकोळ वाटणारा संसर्गही त्यांना झेपत नसे. अंग वाळत जाई, हिरड्या सडत, न्यूमोनिया होई.

1981-82 मध्ये अमेरिकेत तरुण माणसं अशाच पद्धतीनं मरू लागली. हा नवा आजार कशामुळं होतो, यावर नाना तर्क चालले होते. त्या वेळी हार्वर्डमध्ये मॅक्स एसेक्स नावाचे संशोधक होते. ते मूळचे पशुवैद्य, आणि त्यांची आधीची सगळी कारकीर्द मांजरांच्या ल्युकेमियावर गेलेली. मांजरात एक विषाणू कर्करोगही करतो आणि प्रतिकारशक्तीही मारतो, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. एड्‌सच्या मागे त्याच कुळातला, म्हणजे रेट्रोव्हायरस जातीचा विषाणू असावा, असं म्हणणाऱ्या पहिल्या काही जणांत ते होते. 1983 मध्ये पॅरिसमध्ये फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि लूक मोंतान्ये यांच्या प्रयोगशाळेत तो विषाणू सापडला, तेव्हा हा अंदाज बरोबर ठरला. 1986 मध्ये मोंतान्ये आणि अमेरिकेचे रॉबर्ट गॅलो यांच्याबरोबर एसेक्स यांना मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

मी नव्वदच्या दशकात निवासी डॉक्टर होते. वॉर्डात एचआयव्हीचे रुग्ण येऊ लागले होते आणि आमच्या हातात फारसं काही नव्हतं. तेव्हा कुणी सांगितलं असतं, की या आजाराची पहिली ओळख मांजरांवर काम करणाऱ्या लोकांना पटकन पटली, तर मी हसले असते. खरं सांगायचं तर विद्यार्थी असताना आम्ही पशुवैद्यकाच्या मुलांना ‘ढोरांचे डॉक्टर’ म्हणून चिडवत असू. आता त्याची लाज वाटते.

गायीचा घसा आणि नेच्याची पानं

जॅरेट यांच्या कामातला तिसरा भाग आपल्या मावशींपर्यंत येऊन पोचतो.

सत्तरच्या दशकात पश्चिम स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ भागातल्या गायी विचित्र आजारानं मरत असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. गायीला गिळता येईना, लाळ गळू लागे, पोट फुगे आणि ती वाळत जाई. शवविच्छेदनात तोंड, घसा, अन्ननलिका किंवा पहिल्या पोटात कर्करोग सापडे. सपाटीवरच्या गायींत हा आजार जवळजवळ नव्हताच. ठरावीक डोंगरी शेतांवर मात्र तो वारंवार दिसत होता.

असा ‘इथं आहे, तिथं नाही’ प्रकार दिसला, की रोगशास्त्रज्ञ सावध होतो. मग प्रश्न येतो, इथल्या आणि तिथल्या आयुष्यात फरक काय? फरक गवतात होता. डोंगरउतारांवर ब्रॅकन नावाचं नेचं माजलेलं असतं. चारा कमी पडला, की गायी ते खातात.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट दिसत होती. कर्करोग झालेल्या जवळपास सगळ्या गायींच्या घशात आणि अन्ननलिकेत चामखिळीसारखे कोंब होते, अनेकींमध्ये डझनांनी. मग कत्तलखान्यात हजारो निरोगी जनावरांचे घसे तपासले गेले. असे कोंब तिथंही सापडले, पण साधारण पाचातल्या एकाच जनावरात, आणि तेही बहुतेक एकेकटे.

या कोंबांमागे पॅपिलोमा विषाणू होता. साव्हेरिया कँपो या संशोधिकेबरोबर काम करून जॅरेट यांच्या गटानं 1980 मध्ये त्याची ओळख पटवली. गायींच्या पॅपिलोमा विषाणूंमधला हा चौथ्या क्रमांकाचा. 1978 मध्येच जॅरेट यांनी ‘नेचर’मध्ये आपला तर्क मांडला होता, की विषाणू आणि नेचं, दोघं मिळून हा कर्करोग घडवतात.

कसा, ते पुढच्या प्रयोगांतून उलगडत गेलं. सपाटीवरच्या गायीला विषाणू लागतो, एखादा कोंब येतो, शरीराचे पहारेकरी त्याला ओळखतात आणि काही महिन्यांनी तो झडून जातो. डोंगरावरच्या गायीच्या पोटात मात्र नेच्याची पानं जात असतात. त्यातले काही घटक प्रतिकारशक्ती दुबळी करतात, त्यामुळं कोंब झडत नाहीत, उलट पसरतात. त्याच पानांतले दुसरे घटक पेशीच्या डीएनएवर घाव घालतात. विषाणूनं वाढायला लावलेल्या पेशी आणि वर हे घाव, असं वर्षानुवर्षं चाललं, की एखाद्या कोंबातून कर्करोग उभा राहतो. हे पडताळण्यासाठी काही वासरांना विषाणू टोचून नेचं खाऊ घातलं, आणि काहींना विषाणूबरोबर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं. दोन्हीकडे कोंब झडायचे थांबले आणि पसरत गेले.

यातला एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. कोंबांमध्ये विषाणूचा डीएनए सापडत असे, पण त्यातून तयार झालेल्या कर्करोगात बहुधा तो सापडतच नसे. सुरुवात करून देऊन विषाणू निघून गेलेला असे. म्हणजे एखाद्या गाठीत विषाणू दिसला नाही, म्हणून तो निर्दोष ठरत नाही. माणसाच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगात असं होत नाही. तिथं विषाणूची काही जनुकं शेवटपर्यंत पेशीत ठाण मांडून असतात. जनावरांशी तुलना करायची ती अशी, साम्य आणि फरक दोन्ही बाजूला मांडून. गाय म्हणजे चार पायांचा माणूस नाही, हे जॅरेट यांच्यासारखा विकृतिशास्त्रज्ञ कधी विसरत नाही.

नेच्याची ही गोष्ट फक्त स्कॉटलंडची नाही. आपल्या हिमालयातल्या डोंगरी भागातही नेचं खाणाऱ्या गायीगुरांच्या लघवीतून रक्त जातं आणि मूत्राशयात गाठी होतात. तिथंही नेचं आणि गायीचा पॅपिलोमा विषाणू, ही जोडगोळी आढळली आहे.

गायीकडून आपल्याकडे

आता माणसाकडे या. सत्तरच्या दशकात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूवर संशय घेतला जात होता. जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउसेन मात्र म्हणत होते, की पॅपिलोमा विषाणूकडे पाहा. चामखिळी आणणारा क्षुल्लक विषाणू म्हणून त्याला कुणी किंमत देत नव्हतं. त्या वर्षांत ग्लासगोच्या गायींनी एक गोष्ट डोळ्यांपुढं ठेवली, की निसर्गात, कुणी मुद्दाम न करता, पॅपिलोमाचा साधा कोंब कर्करोगात बदलू शकतो. त्सुर हाउसेन यांच्या गटाला 1983 मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही 16 आणि 1984 मध्ये एचपीव्ही 18 सापडला. जगभरातल्या या कर्करोगांपैकी सुमारे 70 टक्के या दोघांमुळं होतात. 2008 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

नेच्याची जागा माणसात कोण घेतं? एचपीव्हीची लागण बहुसंख्य स्त्रीपुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होते आणि बहुतेकांत ती एक-दोन वर्षांत आपोआप जाते, डोंगराखालच्या गायीच्या कोंबासारखी. मोजक्या स्त्रियांमध्ये ती टिकून राहते. तंबाखूचं सेवन आणि एचआयव्हीची लागण, या दोन गोष्टी ती टिकायला आणि बळावायला मदत करतात. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना या कर्करोगाचा धोका कितीतरी पट जास्त असतो.

आणि लस? नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जॅरेट आणि कँपो यांनी वासरांना विषाणूच्या प्रथिनांची लस देऊन तोंडातल्या कोंबांपासून वाचवता येतं, हे दाखवलं. पॅपिलोमा विषाणू रक्तात फिरत नाही, त्वचेच्या आणि आतल्या अस्तराच्या पेशींतच राहतो. त्याच्याविरुद्ध टोचलेली लस तिथं पोचेल का, ही मोठी शंका होती. वासरांनी ती बरीच दूर केली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात इयन फ्रेझर आणि जियान झोउ, तर अमेरिकेत डग्लस लोवी आणि जॉन शिलर हे विषाणूचं नुसतं रिकामं कवच तयार करण्याच्या मागे होते. त्या कवचाच्या आत विषाणूचं जनुक नसतं, त्यामुळं लागण होण्याचा प्रश्नच नाही. लोवी आणि शिलर यांनी अशी कवचं आधी कुणाच्या विषाणूची बनवून पाहिली? गायीच्याच. 2006 मध्ये माणसासाठीची पहिली एचपीव्ही लस आली.

आता अशीच लस पुण्यात बनते. सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ला 2022 मध्ये मंजुरी मिळाली.

जॅरेट 1980 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि 2011 मध्ये, वयाच्या 83 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. वासरू, मांजर आणि गाय, या तीन प्राण्यांभोवती त्यांचं आयुष्य गेलं. माणसाचे आजार बरे करायचे म्हणून ते या कामात उतरले नव्हते. समोरचं जनावर का मरतंय, हा प्रश्न ते शेवटपर्यंत धरून राहिले.

आपल्या दावणीला

माझा एक शाळासोबती पशुधन विकास अधिकारी आहे. जॅरेट यांच्याबद्दल मी त्याला उत्साहानं सांगू लागले तर तो म्हणाला, ‘अगं, स्कॉटलंडला कशाला जातेस? आपल्या बैलांच्या शिंगाचा कर्करोग कधी पाहिलास का?’

मी पाहिला नव्हता. त्यानं मला समजावून सांगितलं. भारतातल्या बैलांना शिंगाच्या मुळाशी कर्करोग होतो. जगात इतरत्र तो फारसा दिसत नाही. बैल डोकं एका बाजूला झुकवून ठेवतो, शिंग झाडावर घासतो, नाकाच्या एका पुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो. मग शिंग वाकतं आणि लोंबकळू लागतं. लवकर कळलं तर शिंग मुळापासून काढून बैल वाचवता येतो. ‘शेतकरी आणतो लवकर,’ मित्र म्हणाला, ‘बैल बसला तर पेरणी बसते ना!’

त्या दूधवाल्या मुलाचं वाक्य पुन्हा आठवलं. जनावराचं दुखणं घरात लगेच दिसतं, कारण त्या दिवशी दूध कमी पडतं, औत थांबतं. आईचं दुखणं दिसत नाही, कारण रक्त जात असतानाही ती चूल पेटवते, शेण काढते, धार काढते. म्हशीला तर बोलताही येत नाही. मावशींना बोलता येत होतं, पण विचारणारं कुणी नव्हतं. त्यांच्याच गावच्या उपकेंद्रावर गेल्या कित्येक वर्षांत त्यांची एकदाही या आजारासाठी तपासणी झाली नव्हती. ती चूक त्यांची एकट्यांची नाही. आम्हा डॉक्टरांचीही आहे.

भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो आणि पाऊण लाखाहून जास्त स्त्रिया त्यानं दगावतात. याला उत्तर काय, हे जगाला आपल्याच मातीनं सांगितलंय. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांहून अधिक स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय त्यात होतं. 2009 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्या गावांत स्त्रियांना आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही चाचणी मिळाली, त्या गावांत पुढच्या आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यानं कमी झाले. जगभरातल्या पाठ्यपुस्तकांत आज हा अभ्यास शिकवला जातो.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा.

तीस वर्षांवरच्या प्रत्येक स्त्रीनं, काहीही त्रास नसताना, गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. सरकारी कार्यक्रमात ती 30 ते 65 या वयात दर पाच वर्षांनी करायची असते. गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून पांढरा डाग उमटतो का, एवढंच पाहतात. पाच मिनिटं लागतात, भूल लागत नाही. एचपीव्ही चाचणी उपलब्ध असेल तर ती अधिक चांगली. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांनी पंचविशीपासूनच तपासणी सुरू करावी.

पाळी गेल्यानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी डॉक्टरांकडे जावं. शरीरसंबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, दुर्गंधीयुक्त पाणी जाणं, हेही ‘उष्णतेमुळं’ म्हणून सोडून देऊ नये.

मुलींना लस द्यायचं सर्वांत योग्य वय 9 ते 14. लस घेतली तरी पुढं तपासणी सुटत नाही, कारण लस सगळ्या प्रकारच्या एचपीव्हीपासून वाचवत नाही.

मावशींना रक्त चढवलं, मग किरणोपचार झाले. रक्तस्राव थांबला. या आजारात तिसऱ्या अवस्थेतून बऱ्या होणाऱ्याही असतात आणि न होणाऱ्याही. त्या कुठल्या, हे ठरायला अजून वेळ आहे. मागच्या तपासणीला मुलगा सोबत होता, त्याची बायकोही होती. ती तेहेतीस वर्षांची. मी तिला विचारलं, ‘तुझी तपासणी झाली का?’ तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, ‘मॅडम, आजच करून टाका. पुन्हा यायचं म्हटलं की धार काढायची वेळ आडवी येते.’

आम्ही ती त्याच दिवशी केली.